दसऱ्यापर्यंतची मुदत

जयंतने रायफलीचा बोल्ट, म्हणजे काडतुसामागची सरकती खीळ, मागे खेचला, बोट घालून कोठी रिकामी आहे ना ते पाहिलं आणि मग अख्खा बोल्टच काढून तो खिडकीपाशी घेऊन गेला. तो तिथे पोहोचेपर्यंत त्याच्या पदरात काय काय पडणार होतं, ते सांगून टाकावं. टेस्टिंग विभागाच्या प्रमुखाची खुर्ची. खुर्चीमागे खिडकी असलेली केबिन. आणि इंग्लंडातल्या ब्रॅकनेलच्या त्या कम्प्युटर कंपनीत इतकी वर्षं नुसती पाठ पुढे करणाऱ्या माणसाला, आता दुसऱ्याच्या पाठीवर थाप मारायचा हक्क. हे सगळं हॅलमसाहेबाच्या एका शब्दावर अडलेलं होतं, आणि साहेबाचा शब्द शिकारीच्या माळावरच सुटतो, असा ऑफिसात बोलबाला होता.

दर सप्टेंबरअखेर हॅलम दोघा-तिघांना घेऊन स्कॉटलंडला हरणांच्या शिकारीला जाई. यंदा, म्हणजे एकोणीसशे एकोणनव्वद साली, खुद्द डायरेक्टर येणार होते आणि जयंतला आमंत्रण होतं. आमंत्रणाला शेपूट एवढंच, की साहेबाच्या दिवंगत वडिलांची जुनी रायफल जयंतने विकत घ्यावी. ती परक्या हातात जाऊ नये, असं साहेबाचं म्हणणं. जयंत परका नाही, हे त्याला अशा रीतीने कळलं.

तयारीत त्याने कसूर केली नव्हती. क्लबात जाऊन नेम शिकला. परवान्यासाठी पोलीस घर बघून गेला. बंदुकीचं पोलादी कपाट पक्क्या विटांच्या भिंतीतच ठोकायला हवं, आणि घरात तशी भिंत एकच, देवघराची. देव प्लास्टरबोर्डच्या पोकळ भिंतीवर गेले.

"वरणभात खाणारा माणूस शिकारीला निघालाय," सुलक्षणा म्हणाली होती. "हरणाला कळलं तर हसून हसूनच मरेल. गोळी तरी वाचेल."

आता हॅलमच्या दिवाणखान्यात, खिडकीच्या उजेडात जयंतने बोल्टच्या दांड्यावरचा आकडा वाचला. मग टेबलाशी येऊन रायफलीवरचा वाचला. पुन्हा बोल्टचा वाचला. दोन्ही एकच असायला हवे होते; जुळत नव्हते.

"सुंदर आहे ना?" हॅलमने शेरी ओतत विचारलं.

"फारच."

खोटं नव्हतं ते. दस्ता अक्रोडाचा, हाताळून हाताळून मऊ झालेला. त्यावर बारीक चीर होती, पण ती भरता आली असती. नळीत आतून काळे डाग होते. नेम जरा हुकला असता, इतकंच. नळीवर सरकारी चाचणीचा ठसाही होता. पण तो ठसा ज्या बोल्टसकट मिळाला होता, तो बोल्ट हा नव्हता. बोल्ट बंद झाला की काडतुसामागे केसभरही जादा फट उरता कामा नये. उरली तर पितळ फुटतं आणि जळता वायू मागे, नेम धरणाऱ्याच्या डोळ्यात येतो. क्लबात पहिल्याच दिवशी शिकवलं होतं हे.

"तुमच्या वडिलांकडे अशी एकच होती का?"

"जोडी होती. शेवटच्या वर्षी एक विकली त्यांनी. फार काटेकोर माणूस! रायफली कपाटात आणि बोल्ट वेगळ्या खणात, कुलपात. गिऱ्हाइकाला स्वतः काढून दिला बोल्ट. हात थरथरत होते, पण मला हात लावू दिला नाही."

"त्यानंतर ही कुणी झाडली?"

"कुणीच नाही. तुझी वाट बघतेय ती, जय."

दोष हुडकणं हाच जयंतचा धंदा. दुसऱ्याच्या कामातली चूक तो चारचौघांत, हसतमुखाने, टाचणीने टोचल्यासारखी दाखवत असे. इथे मात्र त्याने बोल्ट पुन्हा जागेवर सरकवला. भिंतीवरून साहेबाचे वडील बघत होते.

"मिस्टर हॅलम, एक अडचण आहे," तो म्हणाला. "आमच्यात दसऱ्याच्या आदल्या दिवशी शस्त्रांची पूजा असते. नवं शस्त्र त्याआधी घरात आणत नाहीत, चालवतही नाहीत. दसऱ्यापर्यंत इथेच राहू द्या. शिकारीला मी तिथली रायफल वापरीन."

हॅलमचा चेहरा उजळला. "पूजा? डॅडच्या रायफलीची?" त्याने बायकोला हाक मारून ते तिलाही सांगायला लावलं.

घरी आल्यावर जयंतने सुलक्षणेला सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटायची थांबली.

"आपल्याकडे त्या दिवशी पूजा होते ती माझ्या शिवणयंत्राची. ते मी आणल्याच दिवशी चालवलं होतं, अहो!"

"त्याला कुठे माहितेय?"

"सांगून टाका ना सरळ, की बोल्ट दुसऱ्या रायफलीचा आहे म्हणून."

"म्हणजे काय सांगू? तुझ्या बापाने मरता मरता घोटाळा केला? डायरेक्टर यायच्या आठवड्यात?" त्याने बूट काढले. "दसऱ्यानंतर ताब्यात घेतो, गनस्मिथकडून नीट करून घेतो. कुणाला पत्ताही लागणार नाही. तोवर ती कोण झाडतंय?"

सुलक्षणेने पुढची पोळी घेतली. तीही त्या केबिनच्या खिडकीला मनातल्या मनात पडदे शिवून बसली होती.

शिकारीच्या माळावर पद्धत अशी, की हरणामागे जाण्याआधी प्रत्येकाने लोखंडी पत्र्यावर एकेक बार टाकून दाखवायचा. डायरेक्टरनी टाकला. जयंतने तिथल्या रायफलीने टाकला. नेम बरा बसला, डायरेक्टरनी "गुड मॅन" म्हटलं. मग हॅलम गाडीकडे गेला आणि आला तो हातात अक्रोडाचा दस्ता घेऊनच.

"जयची पूजा व्हायचीय अजून," तो डायरेक्टरना म्हणाला. "त्याला बंदी आहे, मला नाही. म्हटलं, त्याच्या घरी जाण्याआधी डॅडची रायफल एकदा इथे यावी."

तो ओल्या गवतावर पालथा पडला. खिशातून काडतूस काढलं, आत सरकवलं. बोल्ट बंद झाला. फार सहज बंद झाला.

"मिस्टर हॅलम..."

हॅलमने मान वळवली. डायरेक्टरनीही वळवली. जयंतचं तोंड उघडं होतं, आणि त्यातून जे बाहेर पडायला हवं होतं त्याच्यामागे लगेच दुसरा प्रश्न उभा होता: तुला कधीपासून माहीत होतं? आज कळलं म्हणावं, तर रायफल आज त्याच्या हातात नव्हती. तेव्हाच कळलं म्हणावं, तर मग ती पूजा कसली?

"काय, जय?"

"वारा डावीकडून आहे," जयंत म्हणाला.

"थँक्स," हॅलम म्हणाला आणि गाल दस्त्याला टेकवला.

इन्व्हर्नेसच्या हॉस्पिटलात तिसऱ्या दिवशी हॅलमला भेटायची परवानगी मिळाली. अर्धा चेहरा पट्ट्यांत होता. जयंत खुर्चीच्या कडेवर बसला. हॅलमने चाचपडत त्याचा हात शोधला.

"डायरेक्टरशी बोललोय मी," तो म्हणाला. "जागा तुझी. ते राहू दे. जय, ती रायफल मी तुला विकत होतो. तुझ्या गळ्यात मारत होतो. तुझे देव आड आले नसते, तर इथे तू असतास. नीट तपासून घ्यायला हवी होती मी. झोप लागत नाही मला." उरलेला डोळा भरून आला होता. "मला माफ करशील?"

बाहेर नर्सची ट्रॉली गेली. जयंतने तिकडे पाहिलं. हात सोडवून घेता येत नव्हता.

हिशेब तिथेच मिटला. डोळा हॅलमने दिला. माफी जयंतने.