नळ्यांतलं जास्तीचं तेल

गेले पाच आठवडे डार्ला हॅगेनचं डोकं तापलेलंच होतं, आणि सगळा राग स्वतःवर होता. रानातल्या शर्यतीत तिचा पोरगा ट्रेंट एका उंच उडीवरून खाली आला. मोटरसायकलचं पुढचं अंग दबायला हवं होतं, ते दबलंच नाही. गाडी जागच्या जागी ताठ उभी राहिली आणि पोरगा हँडलवरून पलीकडे फेकला गेला. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. आणि त्या गाडीचे पुढचे फोर्क, म्हणजे धक्के झेलणारे ते दोन नळे, खोलून, धुऊन, भरून कुणी दिले होते? त्याच्या आईनंच.

आयडाहोच्या त्या डोंगरात गाव ते केवढं! मोटरसायकल क्लबातल्या निम्म्या लोकांचे फोर्क डार्लाच्या गॅरेजात यायचे. शाळेची बस चालवून आली की ती ओव्हरऑल चढवायची आणि कामाला लागायची. अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी माणसं भेटायला आली. रीतीप्रमाणे बटाटा-चीजचं कॅसरोल, म्हणजे भट्टीत भाजलेला तो पदार्थ, घेऊन आली, आणि जाताना आपापले फोर्क उचलून घेऊन गेली. "आता तुझ्या मागं व्याप आहे गं, घाई नाही काही," असं म्हणत कोरीन बेकनं तर नजरेला नजरही दिली नाही. वीस वर्षांची मैत्रीण! डार्लानं तिचं कॅसरोल झाकणासकट कचऱ्यात टाकलं.

आणि नवरा वेंडेल? तो तर साखरेहून गोड झाला होता. "होतं गं असं. माणूस आहे, चुकतो माणूस." रोज सकाळी कॉफीबरोबर हेच. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं तिला वाटायचं.

त्या शनिवारी दुपारी गाडीला गिऱ्हाईक येणार होतं. वेंडेलनंच ठरवलं होतं.

"आहे तशी देऊन टाकू," तो म्हणाला. "आता खोलून काय करणार आहेस?"

"कुठं चुकले ते बघणार आहे."

"अगं, झालं ते झालं. कशाला उगाच जखमेवरची खपली काढतेस?"

"माझ्या हातानं पोराचा पाय मोडलाय, वेंडेल. कसा मोडला ते कळल्याशिवाय ही गाडी अंगणाबाहेर जायची नाही. आणि मी पुन्हा पान्याला हात लावायचा की नाही, तेही मला आजच ठरवायचंय."

तो गॅरेजातून मात्र हलला नाही. एरवी ज्याला तेलाचा वास सोसत नाही, तो माणूस दाराशी कॉफीचा मग धरून उभाच.

डार्लानं पहिला नळा शिकंज्यात धरला. जबड्यांमध्ये देवदाराचे दोन ठोकळे घातले, कारण नळ्याच्या चकाकीवर एवढीशी रेघ उमटली की नवं ऑइलसील, म्हणजे तेल अडवणारं रबरी कडंही, महिनाभरात गळायला लागतं. तिनं सील बघितलं. जागच्या जागी होतं. पाइपाचा तुकडा कापून तिनं स्वतः केलेल्या ठोकणीनं ते सारखं, सरळ बसवलेलं होतं. तळाचा बोल्ट घट्ट होता. त्याखालची तांब्याची चकतीही होती. मग तिनं वरचं झाकण काढलं, स्प्रिंग उपसली आणि तेल मापाच्या भांड्यात ओतलं.

तिनं प्रत्येक नळ्यात सहाशे मिलिलिटर भरलं होतं. भांड्यातलं तेल सहाशेच्या रेघेवर आलं. मग सातशेच्या. आठशेच्याही वर चढलं.

तिनं भांडं पुसलं आणि दुसरा नळा ओतला. तेवढंच.

"वेंडेल," ती म्हणाली, "तेल गळून कमी होतं, हे मला ठाऊक आहे. पण हे तर वाढलंय! नळ्यात बसून व्यालं की काय ते?"

"तू मोजायला चुकली असशील."

"मी दोनदा मोजते. तुला माहीत आहे."

"मग मला काय ठाऊक?"

"मग मगातली कॉफी का सांडतोयस?"

खाई त्याला खवखवे. वेंडेलनं मग बाकावर ठेवला.

"शर्यतीच्या आदल्या शुक्रवारी तू बस घेऊन गेली होतीस," तो हळूच म्हणाला. "पोरगा म्हणाला, बाबा, पुढचं जरा मऊ लागतंय. मी गाडी स्टँडवर घेतली, झाकणं काढली. तेल पार खाली गेलेलं दिसलं. मग भरलं."

"चाक अधांतरी होतं?"

"हो."

"म्हणजे नळे पुरते ताणलेले! अरे गाढवा, तेल मोजायचं ते नळा पूर्ण दाबून, स्प्रिंग काढून! ताणल्यावर ते खालीच दिसणार. वर हवेला जागा सोडावी लागते. ती जागा तू तेलानं भरून टाकलीस, मग तो नळा दबणार कुठं, तुझ्या टाळक्यात?"

तळपायाची आग मस्तकात गेली होती. हातातला पाना तिनं मुद्दाम खाली ठेवला. हातात राहिला असता तर काय झालं असतं, सांगता येत नाही.

"पाच आठवडे! पाच आठवडे तू मला म्हणत होतास, माणूस चुकतो. कुठला माणूस रे? मी रडत होते तेव्हा पाठीवरून हात फिरवत होतास. तोच हात ना हा, तेल ओतणारा?"

"आई, पुरे," मागून आवाज आला. ट्रेंट कुबड्यांवर, स्वयंपाकघरातून गॅरेजात उघडणाऱ्या दारात उभा होता. "बाबांना नको बोलूस. मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"हॉस्पिटलात बाबांनी सांगितलं. मीच म्हटलं, आईला बोलू नका." पोरानं मान खाली घातली. "तू कसंही सावरतेस गं. तू स्वतःला माफ केलं असतंस. बाबांना केलं नसतंस. घर मोडलं असतं."

पोराच्या मोडक्या पायाकडे पाहून पाच आठवडे डार्लाचा जीव तुटत होता. आज त्याच पोराच्या तोंडात मारावीशी वाटली. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, ते असं.

"म्हणजे दोघांनी बसून ठरवलंत," ती म्हणाली. "ओझं आहे, मग घाला हिच्या पाठीवर. हिला सवय आहे."



तिनं खिशातून फोन काढला, कोरीनचा नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन वेंडेलच्या हातात कोंबला.

"बोल."

"डार्ला, हे आत्ताच..."

"बोल!"

पलीकडून कोरीनचा सावध आवाज आला. वेंडेल चाचरत, अडखळत सगळं सांगून मोकळा झाला. चाक अधांतरी, जास्तीचं तेल, पाच आठवडे.

"अरे देवा," कोरीन म्हणाली. "आणि मी तिच्याशी कशी वागले! वेंडेल, हे मला काय सांगतोस? तिला सांगितलंस का आधी?"

वेंडेलनं डार्लाकडे पाहिलं. ती नजर हलवेना.

"नाही," तो म्हणाला. "तिनंच शोधून काढलं."