दुसऱ्या पानावरची चौकट

"मशीन कुठल्या खोलीत हाय रं?" फोनवर आक्काला धाप लागली होती. "आठ वाजल्यापासनं बसलेय मी. शिपाई म्हणतो, इथं मशीन चालूच न्हाय."

"कुठं बसलीस तू?"

"दवाखान्यात की. आपल्या. तुज्या पत्रातल्या."

माझ्या हातात लाल पेन होतं आणि समोर पुढच्या महिन्याच्या पत्राचं प्रूफ. ते तपासून संध्याकाळपर्यंत प्रेसला 'चालवा' म्हणून कळवायचं होतं. मी पेनाला टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"तिथंच थांब आक्का. आलोच मी."

मी उत्तरेश्वर. आमदारांच्या संपर्क कार्यालयात सहा वर्षं आहे. दर महिन्याला मतदारसंघातल्या वीस हजार घरांत 'आमदारांचं पत्र' जातं. चार पानी, साहेबांच्या सहीचं. सही साहेबांची, बाकी सगळं माझं. पहिल्या पानावर देशाचं धोरण असतं : केंद्रानं आरोग्यासाठी काय ठरवलं, विम्याचं कार्ड कुणाला मिळणार, साहेबांना त्यावर काय वाटतं. साहेबांना काय वाटतं ते मी लिहितो आणि त्यांना ते पत्र छापून आल्यावर कळतं. देशाचं धोरण लिहायला मला अर्धा तास पुरतो. दुसरं पान मात्र जड जातं. तिथं आपल्या भागातलं आरोग्य असतं, आणि ते लोकांना स्वतः जाऊन बघता येतं. अर्थात सहा वर्षांत कुणी बघायला गेलं नव्हतं.

पत्राची एक रीत आहे. छापायला, घड्या घालायला, बाजाराच्या दिवशी गावोगाव वाटायला पंधरा दिवस जातात. म्हणून तोवर जे होणार आहे ते झालं असं धरून लिहायचं. ही रीत मी पाडलेली नाही, पण मोडलीही नाही. गेल्या महिन्यात डायलिसिस मशीनच्या उद्घाटनाची तारीख ठरली होती, मंत्री येणार होते. मी दुसऱ्या पानावर ठळक चौकट टाकली : 'आपल्या ग्रामीण रुग्णालयात डायलिसिस सुरू. आता सोलापूरच्या चकरा बंद!' ते वाचून साहेबांनी फोनवरून माझी पाठ थोपटली. मग मंत्र्यांची तारीख हुकली, पाणी शुद्ध करायचं यंत्र आलं नाही, मशीन चालवणारा माणूस नेमला गेला नाही. पत्र तेवढं वेळेवर गेलं.

आणि माझी थोरली बहीण, आक्का म्हणजे धुरपदाबाई, जळकोटला राहते. अडीच वर्षं झाली, दर सोमवारी आणि गुरुवारी ती डायलिसिसला सोलापूरला जाते. ती चौकट लिहिताना मला तिची आठवण झाली नव्हती असं नाही. झाली होती. 'चकरा' हा शब्द तिचाच होता. पण तिला वाचता येत नाही, त्यामुळं ती पत्र वाचेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

मोटरसायकलवर वीस मिनिटं लागली. प्रूफ घडी करून वरच्या खिशात कोंबलं होतं, ते छातीला टोचत होतं.

आक्का बाकड्याच्या टोकाला बसली होती. चपला काढून ठेवलेल्या, कारण सुजलेले पाय त्यात मावत नव्हते. मांडीवरच्या पिशवीत डबा, शाल आणि पत्र. शेजारी शिपाई वीरप्पा उभा होता, रडकुंडीला आलेला.

"बरं झालं आलात," तो मला म्हणाला. "मावशी मला सकाळपासनं खोटं पाडायलीय. पत्रात हाय म्हणती. तुम्हीच बघा आता."

त्यानं कुलूप काढलं. दाराला आडवी लाल फीत बांधलेली होती, महिनाभर तशीच. "खालनं वाकून या साहेब," वीरप्पा म्हणाला. "फीत तोडायची न्हाय म्हणून सांगितलंय. मंत्र्यानंच कापायची हाय." आत दोन मशीनं प्लास्टिकमध्ये गुंडाळून उभी होती. दारावरच्या झेंडूच्या तोरणाचा भुगा फरशीवर पडला होता. मी वाकून आत गेलो, तसाच वाकून बाहेर आलो.

"मशीन आलंय आक्का. पण चालू व्हायचंय अजून."

"मग लिवलं कसं?"

माझ्याकडं उत्तर होतं, पंधरा दिवसांचं, घड्या घालण्याचं. मी वीरप्पाला कुलूप लावायला सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं, पण ती नुसती पत्राकडं बघत राहिली.

"समृद्धीनं वाचून दावलं," ती म्हणाली. समृद्धी म्हणजे तिच्या शेजारची सहावीतली मुलगी. "दर म्हैन्याला वाचती. तू लिवतोस म्हणून समदी पत्रं पेटीत ठिवलीत म्या. ह्याला तर हळदकुंकू लावलं."

खरंच लावलं होतं. लग्नपत्रिकेला लावतात तसं, माझ्या चौकटीच्या कोपऱ्यावर बोट टेकवून.

"चल, सोलापूरला जाऊ," मी म्हणालो. "सोमवारच आहे. तुझा नंबर आहे."

"न्हाय."

"नाही म्हणजे?"

"गुरुवारी तिथल्या सिस्टरला सांगून आले, माजा नंबर काढा म्हणून. पार्वतम्माला दिला. अक्कलकोटाकडची हाय बिचारी. तिला नंबरच न्हवता. सहा म्हैनं भाईर बसून ऱ्हायची, कुणी आलं न्हाय तर त्याच्या जागेवर घ्यायचे. म्हणलं, माजं तर आता गावाजवळ झालं." ती थांबली, श्वास घेतला. "समद्यांला पेढं वाटून आले रं."

ग्रामीण रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरनं आक्काच्या पायावर बोट दाबून बघितलं. खळगा पडला तो भरेना. "आजच व्हायला पाहिजे," तो म्हणाला. "उद्यावर नेऊ नका."

मी बाहेर जाऊन रामकिसनला फोन लावला. रामकिसन साहेबांचा पीए. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "घाबरू नको. साहेबांकडून सोलापूरला फोन करवतो. एक नंबर पुढं सरकवतील ते. पण पत्र हाय का तिच्याकडं? ते आधी काढून घे. कुणी फोटो मारला तर उद्या समद्या ग्रुपवर फिरंल." मग जरा थांबून, "नव्या पत्रात आकडा टाकलायस न्हवं? अकरा रुग्णांना लाभ?"

"टाकलाय," मी म्हणालो. खरंच टाकला होता, सकाळीच.

आत आलो तर आक्का माझ्या तोंडाकडंच बघत होती. "कुणाला मागं सारू नगं बरं का. तसलं काय करू नगं."

"छे. एक मशीन रिकामं आहे म्हणाले."

हे खोटं बोलायला मला प्रेसचीही गरज लागली नाही.

गाडी करून निघालो. हायवेला ट्रकमागं अडकलो की मी ड्रायव्हरवर खेकसत होतो. आक्का काचेला डोकं टेकून होती. मी दर पाच मिनिटांनी विचारायचो, "बरं वाटतंय का?" आणि ती दर वेळी मान हलवायची. एकदा म्हणाली, "सारखं इचारू नगं, बोलाय दम लागतो."

सोलापूरच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा सव्वा वाजला होता. दारातच सिस्टर उभी होती. "आमदारांच्या फोनचा पेशंट हाच का?" मी घाईनं मान हलवली. आक्काला लगेच आत घेतलं. दार बंद झालं तेव्हा मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, खूप बरं वाटलं.

थोड्या वेळानं नळावरून बाटली भरून एक बाई बाकड्याकडं आली. माझ्याकडं निरखून बघितलं.

"अण्णा, तुम्ही धुरपदाक्काचे भाऊ न्हवं? मी पार्वतम्मा."

आक्काला न्यायला एकदोनदा आलो होतो, तेव्हा तिनं मला बघितलं असावं.

"अक्का कशी हाय? तुमच्या गावात मशीन चालू झालं म्हणं. लई चांगलं झालं बघा. मला पेढा दिली. शुगर हाय मला, म्हणून देवापुढं ठेवलं." ती बाकड्यावर बसली. तिचेही पाय सुजलेले होते. "तुम्ही इकडं कसं?"

"प्रेसमध्ये काम होतं जरा."

"आज माझा पहिला नंबर. दीडला होता. आता थांबा म्हणाले. कोण आमदाराचं माणूस हाय म्हणं आत." ती बोटं मोजू लागली. "बुधवारी झालं होतं माझं. बघू, घेतील की संध्याकाळी."

ती रागानं बोलली नाही. कुणीतरी पुढं घुसणार हे तिनं सहा महिन्यांत धरूनच टाकलेलं असावं. तिनं पिशवीतून ज्वारीच्या कडक भाकरीचे तुकडे काढले आणि माझ्यापुढं धरले. मी एक घेतला. हातात धरून बसलो. खाता येईना, परत देता येईना. चार तास मी त्या बाकड्यावरून उठून जिन्यापर्यंत जात होतो आणि परत येत होतो. तिला सांगावं असं शंभरदा मनात आलं. सांगितलं नाही.

साडेपाचला आक्का बाहेर आली. हातावर कापसाचा बोळा दाबलेला, चेहरा उतरलेला, पण श्वास सरळ झालेला. तिनं पहिल्यांदा मला बघितलं, मग पार्वतम्माला.

"अक्का!" पार्वतम्मा उठली. "तुम्ही इथं?"

आक्कानं दाराकडं बघितलं, बाकड्याकडं बघितलं. तिला वाचता येत नाही, पण हे तिला लगेच कळलं.

"मशीन रिकामं व्हतं म्हणालास."

"खोटं बोललो आक्का. फोन करवला होता." मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

ती पार्वतम्माच्या शेजारी बसली. "आता हिचं हुईस्तवर मी हलायची न्हाय," ती म्हणाली. मग माझ्या खिशाकडं बोट केलं. "ते नवीन हाय? वाच."

"आत्ता कशाला?"

"वाच म्हणलं."

मी प्रूफ उलगडलं. दुसरं पान वाचायला लागलो. "नवी रुग्णवाहिका दाखल."

"आलीय?"

"यायची आहे."

"म्होरं."

"डोळे तपासणीचं शिबिर."

"झालंय?"

"ते झालं. ते खरंच झालं आक्का."

"म्होरं."

"डायलिसिस केंद्राचा आतापर्यंत अकरा रुग्णांना लाभ."

पार्वतम्मा एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होती.

"त्या अकरात मी हाय का रं?" आक्कानं विचारलं.

मी कागदाची घडी घालू लागलो, ती नीट पडेना. तेवढ्यात दार उघडून सिस्टरनं हाक मारली, "पार्वतम्मा!" आक्का उठली. बोळा लावलेला हात छातीशी धरून दुसऱ्या हातानं तिनं पार्वतम्माची पिशवी उचलली आणि तिला दारापर्यंत सोडायला गेली. परत आल्यावर स्वतःच्या पिशवीतून जुनं पत्र काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"हे पेटीत ठिवायचं न्हाय. तुज्याकडंच ऱ्हाऊ दे."

फोन वाजत होता. प्रेसचा. सहा वाजत आले होते, त्यांची माणसं खोळंबली होती.

"बोला साहेब, चालवू का?"

"थांबवा," मी म्हणालो. "दुसरं पान थांबवा."

"काय दुरुस्ती हाय? आता सांगा की, बसल्या बसल्या करतो."

"बसल्या बसल्या व्हायची नाही."

"मग रामकिसनसाहेबांना काय सांगू?"

"मी सांगतो त्यांना."

फोन ठेवला. आक्का बंद दाराकडं तोंड करून बसली होती, शाल गुडघ्यावर घेऊन. मी रामकिसनचा नंबर काढला. चौकटीवरची हळद बोटाला लागली होती, तिचा पिवळा ठसा फोनच्या काचेवर उठला. तो पुसला नाही, तसाच नंबर लावला.