युनिटला ओल नसते

"अकरा," प्रेमदास म्हणाला आणि कापसातून हात बाहेर काढला.

"अकरा कायची बापा? नऊच्या वर नाई निघाची. चार दिवस ऊन दाखवलं," ट्रॉलीवर उभे असलेले नत्थूजी म्हणाले.

"वरच्याले दाखवलं. खालच्याले कोण दाखवन?"

नत्थूजी हसले. चोरी पकडली गेली की माणूस हसतो तसे. "बरं, लिहा अकरा. दुसरी गाडी मागून येऊन राह्यली, तिले तरी दया करजा."

हिंगणघाटच्या या जिनिंगमध्ये प्रेमदास सत्तावीस वर्षे ग्रेडर होता. गाडी आली की तो कोपरापर्यंत हात खुपसायचा, तळातला मूठभर कापूस काढून दाबायचा, धागा ओढून बघायचा आणि ओल किती टक्के ते सांगून मोकळा व्हायचा; ओल जितकी जास्त तितका भाव कमी. तीन वर्षांपूर्वी मालकाने ओल मोजायचे मशीन आणले. आठवडाभर मशीनची आणि प्रेमदासची जुगलबंदी चालली, नंतर मशीनची रवानगी टेबलाच्या ड्रॉवरमध्ये झाली. शेतकरीच म्हणायचे, मशीन राहू द्या, भाऊचा हात लावा.

हातासारखाच त्याचा सल्लाही पंचक्रोशीत चालायचा. सल्ला एकच होता. भाव पडायला लागला की कापूस घरात ठेवू नका. घरातला कापूस वाळून हलका होतो, पिवळा पडतो, त्यात उंदीर शिरतात, पोराबाळांना खाज सुटते. उद्याच्या भावाची वाट बघता बघता वजनही जाते. आज विका. या सल्ल्याने कितीतरी घरे वाचली होती आणि प्रेमदासला त्याचा थोडा गर्वही होता. थोडा म्हणजे बराच.

"जय भीम, मामा."

फाटकातून स्कूटी आत आली. मयुरी, त्याच्या धाकट्या बहिणीची, रक्षाची मुलगी. गावातल्याच एका लॅबमध्ये ती रक्त तपासायच्या कामाला लागली होती. जेवणाच्या सुट्टीत आली होती, अंगावर पांढरा कोट तसाच होता.

"जय भीम. जेवली का?"

"डबा आणला हाये. मामा, एक विचाराचं होतं." तिने मोबाइल पुढे केला. "मी दर महिन्याले हजार रुपये फंडात टाकून राह्यली. सात महिने झाले. सात हजार टाकले, अन् आता सहाच दिसून राह्यले. रोज कमी होते. इकून टाकू का?"

प्रेमदास पडद्यावरचा लाल आकडा बघत राहिला.

"आईले विचारलं?"

"आई म्हणे, मामाले विचार. तो सांगन तसंच कर."

तो तिला वजनकाट्यामागच्या बाकावर घेऊन गेला. रुमालाने उगाच हात पुसला.

पाच वर्षांपूर्वीचा मार्च त्याला कालच्यासारखा आठवत होता. लॉकडाऊन लागायला एक-दोन दिवस होते. रक्षा वडनेरच्या सरकारी दवाखान्यात नर्स, तिला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. मयुरी पहिलीत होती तेव्हापासून रक्षा दर महिन्याला पंधराशे रुपये फंडात टाकत आली होती, पोरीला नर्सिंगची डिग्री करायची म्हणून. नऊ वर्षांत दोन हजार सातशे अकरा युनिट जमले होते. टीव्हीवर बाजार कोसळत होता. प्रेमदासने दिवसातून चार वेळा तिला फोन केला.

"इकून टाक रक्षे. आज इकलं तं मुद्दल तरी हाती येईन. उद्या तेबी नाई."

"कैलासभाऊ तं थांब म्हणून राह्यले."

फंडाचे काम बघणारा कैलास त्याला भेटायला जिनिंगवर आला होता. तोंडाला रुमाल बांधून त्याने शांतपणे समजावले होते. हजारो लोकांनी वर्गणी करून पन्नास कंपन्यांत हिस्सा घ्यायचा, तसा हा फंड. ज्याची जेवढी वर्गणी तेवढे त्याचे युनिट. युनिटचा भाव रोज बदलतो, पण युनिट तेवढेच राहतात. "भाऊ, हा कापूस नोहे. याले ओल नाई, घट नाई. दोन हजार सातशे अकराचे तेवढेच राह्यतीन. तुम्ही इकाल तवाच ते जातीन."

"तू मले भाव शिकवतं?" प्रेमदास सगळ्या हमालांसमोर म्हणाला होता. "तुयं वय आहे तेवढी वर्षं मी बाजार पाहून राह्यलो."

रक्षाने विकले. दादाच्या हाताला सगळा बाजार मानतो, मग बहिणीने का मानू नये? भरले होते जवळपास तेवढेच हातात आले. वर्ष सरायच्या आत भाव होता तिथे आला आणि मग वर चढत गेला. मयुरी बारावी झाली तेव्हा तेच युनिट दुपटीच्या वर गेले होते. चार वर्षांची फी त्यात निघाली असती. होते तेवढ्यात मयुरीने लॅबचा डिप्लोमा केला. ना ती काही बोलली, ना रक्षा. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

युनिट विकले त्या दिवसापासून प्रेमदास रोज संध्याकाळी मोबाइलवर त्या फंडाचा भाव बघायचा. विकलेली म्हैस आता किती दूध देते, हे विचारत फिरावे तसे. बायकोलाही त्याने हे कधी कळू दिले नव्हते.

"मामा, सांगा ना. सुट्टी संपते माही."

"नको इकू," तो म्हणाला. "तुया हजारात आता जास्त युनिट येऊन राह्यले. भाव वर जाईनच असं मी म्हणत नाई, ते कोणीच नाई सांगू शकत. पण हे पैशे तुले उद्या लागत नाईत ना?"

"नाई."

"मंग राहू दे. अन् दुसरी गोष्ट." तो तिच्याकडे वळला. "तुया आईनं तुयासाठी ठेवले होते, ते काऊन इकले, माहीत आहे?"

"हो ना. घरावर स्लॅब टाकाले."

स्लॅब रक्षाने पीएफमधून उचल घेऊन टाकला होता. ते कागद प्रेमदासनेच भरले होते.

"स्लॅबसाठी नाई, बेटा. मी इकाले लावले. कैलास नको म्हणे, तुयी आई नको म्हणे. मीच ऐकलं नाई. मले वाटलं, कापसासारखं घटते. तुयी डिग्री माह्यापायी गेली."

मयुरीने मोबाइल कोटाच्या खिशात टाकला, परत काढला, परत टाकला. डोळ्यांत पाणी आले होते, ते तिने बाहीला पुसले. "येते मामा," एवढेच म्हणाली. फाटकापाशी जाऊन स्कूटी थांबली. तिने मागे वळून बघितले, "तुम्ही जेवून घ्या," म्हणाली आणि गेली.

प्रेमदासने तिथेच बसून रक्षाला फोन लावला.

"तिले माह्याकडे काऊन पाठवलं?"

"मंग कोणाकडे पाठवू?" मागे दवाखान्यातला गलका ऐकू येत होता. "घाईनं इकलं का काय होते, हे तुयाइतकं कोणाले माहीत हाये, दादा?"

"मी सांगतलं तिले. सगळं."

"पाच वर्षं वाट पाह्यली," रक्षा म्हणाली. "पैशे गेले ते गेले. पण तू एक डाव तरी म्हणशीन, रक्षे, चुकलं माहं. पोरीले मी नाई सांगतलं. ते तुयं होतं सांगाचं."

"चुकलं माहं, रक्षे."

"बरं. ठेव आता. पेशंट उभे हायेत." फोन बंद झाला.

अंगणात नत्थूजींची दुसरी ट्रॉली येऊन लागली होती. प्रेमदास उठला. बाही सारून त्याने कापसात कोपरापर्यंत हात घातला, तळातली मूठ काढली, दाबली. मग मूठ तशीच धरून तो ऑफिसात गेला, ड्रॉवर उघडला आणि मशीन घेऊन बाहेर आला.

"काऊन बापा?" नत्थूजींनी वरून वाकून विचारले. "हाताले काय झालं?"

"काई नाई. मोजून घेतो."

मशीनवर धूळ होती, ती त्याने रुमालाने पुसली. कापूस आत दाबला आणि बटण दाबून वाट बघत उभा राहिला. आकडा आला, साडेनऊ. हातानेही तेच सांगितले होते. कापसात तो कधी चुकला नव्हता.

त्याने पावतीवर साडेनऊ लिहिले आणि पुढची गाडी घ्यायला सांगितले. मशीन मात्र परत ड्रॉवरमध्ये ठेवले नाही.