हातचा एक

छोट्या बाई काही छोट्या नव्हत्या. चांगल्या उंच होत्या, वर्गाच्या चौकटीला दोनदा कपाळ आपटून झालं होतं. पण दुसरीच्या त्या वर्गाला आधीच एक बाई होत्या, चांगल्या आडव्या बांध्याच्या आणि खणखणीत आवाजाच्या. तेव्हा त्या मोठ्या बाई आणि ही शिकवायला शिकायला आलेली पोरगी ती छोट्या बाई, असा निकाल मुलांनी पहिल्याच दिवशी लावून टाकला. त्यावर अपील नाही.

शिकवायला शिकणं म्हणजे काय, तर पाठ घ्यायचे. कॉलेजातून एक मॅडम यायच्या, मागच्या बाकावर मुलांच्यात गुडघे दुमडून बसायच्या, बघायच्या आणि गुण द्यायच्या. असे तीन पाठ. तिन्हींचे मिळून पन्नास गुण पडले तर पास, नाहीतर वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं म्हणजे मामाचं चपलांचं दुकान. मामा मनाने चांगला हो, पण त्याने भाचीसाठी काउंटरमागे एक स्टूल आधीच आणून ठेवलं होतं आणि येता-जाता विचारायचा, "काय गं, उतरलं का शिक्षिका व्हायचं खूळ? स्टूल वाट बघतंय." छोट्या बाईंना स्वप्नात ते स्टूल दिसायचं. एकदा तर ते भुंकलं.

भुंकलं कारण पहिला पाठ होता 'आपले प्राणी'. छोट्या बाईंनी हौसेने विचारलं, "कुत्रा कसा ओरडतो?" झालं! पोरं जी भुंकायला लागली ती थांबेचनात. म्हैस आली, कोंबडा आला, एकाने तर गोगलगायीचा आवाज काढला, तो सगळ्यांत मोठा. शेवटी हेडसर धावत आले आणि त्यांच्यावरही कोणीतरी गुरगुरलं.

त्याची अशी धास्ती बसली, की दुसऱ्या पाठाला छोट्या बाई फळ्याला जाऊन चिकटल्या. फळ्याकडे तोंड, मुलांकडे पाठ, आणि आवाज असा की पहिल्या बाकावरचं पोरगं म्हणालं, "बाई गुपित सांगतायत." पाठ संपल्यावर मॅडमनी चष्मा काढून पुसला.

"पाठ घ्यायला सांगितला होता, दाखवायला नाही," त्या म्हणाल्या. "आणि असं हातचं राखून शिकवू नका हो. जे काय आहे ते मोकळेपणाने द्या मुलांना."

छोट्या बाईंनी मान डोलावली. गुण किती पडले ते विचारायची छाती झाली नाही.

"मनावर घेऊ नकोस," मोठ्या बाई स्टाफरूममध्ये चहात बिस्किट बुडवत म्हणाल्या. "फक्त एक कर. पोरांना काही सांगायला घेतलंस तर पुरतं सांग. अर्धं सोडलंस तर उरलेलं ती आपल्या डोक्याने करतात, आणि मग देवच वाली." बिस्किट तेवढ्यात चहात पडलं, त्यामुळे हा उपदेश तिथेच बुडाला.

तिसऱ्या पाठाचा विषय होता हातच्याची बेरीज. आदल्या दिवशी छोट्या बाईंनी सुरुवात करून घेतली. हातचं राखायचं नाही म्हणजे नाही! फळ्यावर लिहिलं, सदतीस अधिक अठ्ठेचाळीस.

"सात आणि आठ?"

"पंधराऽऽ!"

"पंधराचे पाच इथे लिहिले. मग उरला कोण? एक! आता या एकाला ठेवायचं कुठे?" बाईंनी फळ्यासमोरची हवा चिमटीत धरली, तळहातावर ठेवली आणि मूठ अशी आवळली की बांगडी वाजली. "हातात! म्हणून त्याला म्हणायचं हातचा. घट्ट धरा सगळ्यांनी. सांडायचा नाही, हरवायचा नाही, कोणाला द्यायचा नाही. आणि त्याच्या घरी पोचेपर्यंत मूठ उघडायची नाही!"

त्याच्या घरी म्हणजे दशकाच्या घरी. ते सांगणार, तेवढ्यात घंटा झाली. पोरं मुठी आवळून दप्तरं घेऊन पसार. छोट्या बाईंनी फळा पुसला आणि स्वतःवरच खूश होऊन घरी गेल्या. असा पाठ उद्या झाला ना, तर मामाने खुशाल त्या स्टुलावर स्वतः बसावं!

दुसऱ्या दिवशी फाटकातच एक आई उभी. हाताला धरून आणलेली खारूताई. हे नाव मोठ्या बाईंनी ठेवलेलं, कारण ही पोर जे मिळेल ते साठवायची, खडूचे तुकडे, बटणं, पेन्सिलीच्या साली. आणि एकदा घेतलेलं परत द्यायची म्हणून नाही.

"तुम्हीच का छोट्या बाई?" आईने विचारलं. "अहो, काय दिलंत काय हिच्या हातात? कालपासून मूठ उघडत नाहीये! डाव्या हाताने जेवली, डाव्या हाताने दात घासले, फ्रॉकची बाही मुठीवरून जाईना म्हणून युनिफॉर्मातच झोपली. तिच्या बाबांनी गुदगुल्या केल्या, चॉकलेट दाखवलं. तर म्हणते, तोंडात घाला."

"पण... पण मी म्हटलं होतं, घरी पोचेपर्यंतच," छोट्या बाई चाचरत म्हणाल्या. बाकीच्यांनी म्हणे आपापल्या दारात जाऊन मुठी उघडल्या होत्या.

"त्याच्या घरी," खारूताई म्हणाली. "माझ्या घरी नाही काही. त्याच्या."

पोर बरोबर होती!

"बरं, मग दे मला परत."

"कोणाला द्यायचा नाही, तुम्हीच म्हणालात." आणि खारूताईने मूठ पाठीमागे नेली.

आई म्हणाली, "बघा आता तुम्हीच," आणि कामाला निघून गेली. तेवढ्यात फाटकातून मॅडम आत आल्या.

पाठ सुरू झाला. मॅडम मागच्या बाकावर, नेमक्या खारूताईच्या शेजारी बसल्या. छोट्या बाईंनी रात्रभर बसून रंगवलेला तक्ता टांगला. छप्पन्न अधिक एकोणतीस. सहा आणि नऊ पंधरा, पाच लिहिले, "आणि हातचा?"

"एऽऽक!" सगळ्या वर्गाने मुठी आवळल्या.

"शाब्बास! आता पाटीवर लिहा."

कोणी हललं नाही.

"लिहा ना."

"कसं लिहिणार?" मॉनिटर म्हणाला. हा पोरगा मॉनिटर झाल्यापासून सगळ्यांच्या वतीने बोलायचा. "उजव्या हातात एक आहे."

"मग डाव्या हातात घ्या!" छोट्या बाईंच्या तोंडून निघून गेलं, आणि तिथेच त्या फसल्या. एका मुठीतून दुसऱ्या मुठीत घेताना पहिल्याच बाकावर किंचाळी उठली.

"बाई, माझा एक पडला!"

"कुठे पडला? कुठे?" अर्धा वर्ग बाकांखाली. बुडं वर, डोकी खाली. कोणाला वाटलं दप्तरात गेला, कोणी म्हणालं खिडकीतून उडाला. "हलू नका, पायाखाली येईल!" मॉनिटर ओरडला.

"बाई, ह्याने माझा घेतला! ह्याच्याकडे आता दोन आहेत!"

"मी नाही घेतला, तो आपणहून आला!"

"बाई, माझ्या हाताला घाम आलाय, एक ओला झाला, चालेल का?"

"अरे, तो खराखुरा नसतो रे!" असं छोट्या बाई म्हणणार होत्या, पण तळमळून एक शोधणारी ती तोंडं बघून जीभ रेटेना. कालच तर अगदी खराखुरा करून दिला होता.

इकडे मागच्या बाकावर वेगळाच प्रसंग ओढवला होता. खारूताईला जायचं होतं. म्हणजे, जायचंच होतं. सकाळपासून दाबून धरलं होतं, कारण चड्डीची नाडी एका हाताने सुटत नव्हती. तिने आधी डावीकडे बघितलं, तिथे तो दुसऱ्याचा एक घेतलेला चोर. उजवीकडे बघितलं, तिथे मॅडम. मोठ्या माणसाचा हात, मोठी मूठ, आणि चोरी करतील असं काही तोंडावरून वाटत नव्हतं.

"मॅडम, जरा धरा ना."

"काय धरू?"

"एक. देत नाहीये, फक्त धरायला. उजव्या हातात हं. पेन ठेवा ते."

मॅडमनी इतकी वर्षं पाठ बघितले, भल्याभल्यांना घाम फोडला, पण पाय आवळून नाचणाऱ्या पोरीपुढे कोणाचं काय चालतं? त्यांनी पेन ठेवलं. हात पुढे केला. खारूताईने त्यांच्या तळव्यात कालपासूनचा एक ठेवला, त्यांची बोटं एकेक करून मिटली, वर "सांडू नका" असा दम भरला आणि ती बाणासारखी सुटली.

छोट्या बाईंना यातलं काही कळलं नाही. त्यांनी फक्त बघितलं, तर मॅडमनी पेन खाली ठेवलंय आणि मूठ आवळलीय. संतापल्या! लिहायचंसुद्धा सोडलं! संपलं सगळं. आता चपला, आता स्टूल, आता जन्मभर लोकांचे पाय.

आणि गंमत बघा, सगळं संपलं म्हटल्यावर माणसाची भीती जाते. छोट्या बाईंनी तक्ता ओढून खाली काढला, खडू घेतला आणि फळ्यावर हे मोठं घर काढलं. दार, कौलं, आणि मनात आलं म्हणून दाराशी एक कुत्रा. घराला नाव दिलं 'दशक'.

"ऐका रे! एकाचं घर सापडलं! हे बघा. बिचारा कधीचा बाहेर ताटकळतोय. रांगेत या, आपापला एक दारातून आत सोडा आणि घरात आता किती जण झाले ते मोजून सांगा."

बाकांखालून डोकी वर आली. ज्याचा हरवला होता त्याला दोनवाल्याने मुकाट्याने एक परत केला. रांग लागली. एकेक मूठ फळ्यापाशी उघडली. पाच आणि दोन सात, त्यात हा पाहुणा एक, आठ! पंच्याऐंशी! मग दुसरं गणित, मग तिसरं. पोरं आपणहून म्हणायला लागली, "बाई, अजून एक घाला, आणखी कठीण." तो दातपडका पोरगा, ज्याला काल बेरीज म्हटलं की रडू यायचं, तो "हातचा, हातचा" करत उड्या मारत होता. छोट्या बाईंना इतका आनंद झाला की मॅडमची त्या विसरूनच गेल्या.

घंटा झाली. पोरं डबे घेऊन पळाली. वर्गात दोघीच उरल्या आणि भीती परत आली.

"लिहा," मॅडम म्हणाल्या. "फळ्यावरच लिहा, माझा हात जरा गुंतलाय. आधीच्या दोन पाठांचे मिळून सत्तावीस."

छोट्या बाईंनी लिहिलं.

"आजचे... सुरुवात म्हणजे नुसता बाजार होता. पण नंतर चांगलं सावरलंत. अठ्ठावीस. लिहा खाली. सात आणि आठ पंधरा, पंधराचे पाच. दोन आणि दोन चार. पंचेचाळीस." मॅडमचा चेहरा उतरला. "अरेरे. पन्नास हवे होते. वाईट वाटतं मला, खरंच. पण मनाने गुण वाढवणं माझ्या तत्त्वात बसत नाही."

पंचेचाळीस. छोट्या बाईंनी तो आकडा स्वतःच्या हाताने लिहिला आणि बघत राहिल्या. डोळे भरले. पुढ्यातला फळा दिसेनासा झाला, दिसत होतं ते फक्त स्टूल.

"जाऊ दे," त्या कशाबशा म्हणाल्या. "मुलांना आलं, तेवढं पुरे."

एवढ्यात खारूताई परत आली. इतका वेळ लागला कारण दोन हातांची पुष्कळ दिवसांनी भेट झाल्यासारखी ती दोन्ही हातांनी तोंड धूत बसली होती. फ्रॉक पुढून सगळा ओला. एकाचं घर दशकात सापडल्याचं तिला डबे घेऊन पळणाऱ्या पोरांनी वाटेतच ओरडून सांगितलं होतं. ती थेट मॅडमपाशी गेली.

"सांडला नाही ना?"

"नाही गं बाई," मॅडम म्हणाल्या, आणि हात पुढे करणार तोच खारूताईचं लक्ष फळ्याकडे गेलं. ती ओरडलीच.

"सात आणि आठ! हेच ते! माझा सात-आठचाच आहे!" मग तिच्या कपाळाला आठी पडली. "शी! कोणी केलंय हे गणित? चूक आहे. हातचा घेतलाच नाही."

दोघी मोठ्या बायका फळ्याकडे बघायला लागल्या. एक हातच्याचा पाठ आत्ताच घेतलेली, दुसरी तो पाठ तपासलेली. खाली पंचेचाळीस.

"कुठून घेणार?" खारूताई वैतागून म्हणाली. "तो मॅडमच्या हातात आहे ना!" तिने मॅडमची मूठ दोन्ही हातांनी धरली, मॅडमना ओढत फळ्यापाशी नेलं, आणि दोनच्या डोक्यावर नेऊन मूठ टेकवली. "उघडा आता. हळू."

मॅडमनी हळू उघडली.

"एक आणि दोन तीन, आणि दोन पाच," खारूताईने चार पुसून पाच काढला, जरा उलटा. "पंचावन्न."

छोट्या बाई मटकन खाली बसल्या, त्या पहिल्या बाकाच्या एवढ्याशा फळीवर. हसू आलं का रडू आलं ते त्यांचं त्यांनाही कळेना, दोन्ही एकदम आली असावीत. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि पुन्हा एकदा बेरीज केली, या वेळी बोटांवर.

"पंचावन्न," त्या म्हणाल्या. "पास. आणि हे पंचेचाळीसचं कुठे बोलू नका हो, बाई."

बाई! नुसतं बाई! छोट्या बाईंनी मान हलवली.

खारूताई आपल्या रिकाम्या हाताकडे बघत होती. तळव्यात नखांच्या चार चंद्रकोरी उमटल्या होत्या. तिने बोटं उघडून-मिटून बघितली.

"बाई, तो पोचला ना घरी?"

"पोचला गं," छोट्या बाई म्हणाल्या. "मीसुद्धा."

"मग मी आता दोन्ही हातांनी डबा खाऊ?"

आणि उत्तराची वाट न बघता ती पळाली.