घरातलं नाव

वाशी गावचं वाचनालय सांभाळणारी लीला तिथंच बसून पारध्यांच्या कहाण्या वहीत उतरवून घेत होती. म्हातारी दगडाबाई सांगता सांगता थांबली.

“पोलिसांना सांगायचं नाव एक, घरातलं एक. घरातल्या नावानं लेक ढोकीला कामाला हाय. चोरी झाली की आता त्याला उचलत न्हाईत. ते बी लिवता व्हय?”

“खरं तेच लिहायचं, मावशी.” लीलानं मायलेकांची दोन्ही नावं विचारून शेजारी शेजारी लिहिली, गावासकट.

वही वाचनालयाच्या कपाटात लागल्याचं कळताच सोमवारी फौजदार आले.

“ताई, ती पारध्यांची वही द्या.”

“ती घरी नेता येत नाही.”

“इथंच वाचतो की. ‘सर्वांसाठी खुले’ अशी पाटी तुम्हीच लावलीय ना?”

त्यांनी वही उघडली, खिशातून कोरा कागद काढला. तेवढ्यात दारात दगडाबाई येऊन उभी राहिली.

“कोण आलंय?” फौजदारांनी मान वर न करता विचारलं.

लीलाला तिची दोन्ही नावं माहीत होती.