खऱ्या गोळ्यांची बाटली

मालू माझी धाकटी बहीण. गर्भाच्या पिशवीच्या तोंडाला गाठ निघाली म्हणून निपाणीहून तिला बेळगावच्या दवाखान्यात आणून ठेवलती. तिथं गाठीला लाईट देतात. लाईट म्हणजे ती किरणं वो, डोळ्यांना दिसत न्हाईत पण आतनं भाजतात. गाठ राहिली बाजूला, आधी आतडंच भाजलं. जुलाब लागलं ते थांबायचं नाव न्हाय. डॉक्टर म्हणालं, आतडं असंच राहिलं तर लाईट थांबवावी लागंल, आन् थांबवली तर गाठ परत वाढंल. म्हणजे आतडं टिकलं तर मालू टिकणार. एवढंच होतं बघा सगळं.

डॉक्टर प्रज्ञेश आमच्या निपाणीकडचंच पोरगं, बोलायला गोड. मला म्हणालं, "आक्का, एक अभ्यास चाललाय. व्हिटॅमिनच्या गोळ्यांनी आतडं वाचतंय काय बघायचं. निम्म्या बायकांना खऱ्या गोळ्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पिठाच्या. कुणाला कुठल्या, ते मलाबी ठाऊक नसणार."

माझं डोस्कं फिरलं. "मरायला टेकलेल्या बाईला पीठ चारतासा व्हय?" तोंडावरच विचारलं. त्यांनी कागद पुढं केला. मालूनं सही केली. दुसरं काय होतं आमच्याजवळ?

शेजारच्या खाटेवर खानापूरकडची अंबुबाई. तिलाबी तोच आजार, तीच लाईट, गोळ्यांची तसलीच बाटली. पण ती बया ताटभर भात चापायची आन् वर ताक मागायची! मालूला पेज टिकंना. "अंबूची खरी, मालूची पिठाची," सगळा वॉर्ड म्हणायला लागला. मला अंबूचा लई राग यायचा. तिचं पोट चांगलं म्हणून राग, दुसरं काय.

आमच्याकडं रानात भांगलायला, तण काढायला गेलं की बायका बांधावर एक फडकं पसरतात. सगळ्यांच्या भाकऱ्या त्याच्यावर, कुणाची चटणी कुणाच्या तोंडात, काय पत्ता न्हाय. आपली आपण खाणारी बाई दुसऱ्या दिवशी कुणाला नको असती. एका दुपारी अंबूनं खाटेवर तसंच फडकं पसरलं. म्हणाली, "एकीनं खायचं आन् एकीनं बघत बसायचं, असं आमच्या रानात चालत न्हाय. आण गं मालू तुझी बाटली." दोन्ही बाटल्या ओतल्या, हातानं कालवल्या आन् निम्म्या निम्म्या परत भरल्या. मी तिच्या पाया पडले. वयानं माझ्याहून लहान, तरी पडले.

थोड्या दिवसांत अंबूचंबी पोट सुटलं. मालूचं तर सुधारलंच न्हाय. अंबूकडं बघायची मला चोरी झाली. ती मात्र एका शब्दानं बोलली न्हाय. उलट राउंडला डॉक्टरांना हसून सांगून बसली, "आम्ही वाटून खातोय बघा."

प्रज्ञेश डॉक्टर कपाळाला हात लावून स्टुलावर बसलं. दोघींनाबी अभ्यासातनं काढलं, गोळ्या बंद. मागोमाग मालूची लाईटबी बंद. आतडं फाटायची वेळ आलती म्हणे.

मी डॉक्टरांना व्हरांड्यात गाठलं. "अंबूची खरी होती न्हवं? आता तरी सांगा. कुणावर तरी रागवू द्या मला."

त्यांनी मोठ्या डॉक्टरांना विचारून घेतलं होतं. खाली बघत म्हणालं, "आक्का, दोघींच्याबी खऱ्याच होत्या."

"मग अंबू एवढी जेवत होती ती?"

"काहीजणींना त्रास उशिरा सुरू होतो. गोळ्यांचा दोघींनाबी उपयोग झाला न्हाय."

मला वाटलं, देवा, पिठाच्या निघाल्या असत्या तर किती बरं झालं असतं! शिव्या घालायला कुणीतरी राहिलं असतं. आन् खरं औषध अजून खायचंच राहिलंय, असं तरी म्हणता आलं असतं.

आत आले तर मालू भिंतीकडं तोंड करून पडलेली. "काय म्हणालं गं डॉक्टर?"

"तुझ्या पिठाच्याच होत्या," मी म्हटलं. "मेल्यांनी पीठ चारलं तुला. आता खऱ्या देणार हायत."

"बघ, मी म्हणत नव्हते?" शेजारनं अंबू म्हणाली.

मालू कोपराचा आधार घेत उठली. किती दिवसांनी आपली आपण उठून बसली. माझा हात धरून म्हणाली, "कधी देणार, आक्का?"

"सोमवारी," मी म्हटलं.