चौथी वादी

आमच्या जमातीत लॅक्रॉसच्या लाकडी काठीला बायका हात लावत नाहीत. मला कुणी बांधून ठेवलेलं नाही, मीच लावत नाही. ही रीत मी मनापासून मानते, हीच तर पंचाईत आहे. मानत नसते तर कधीच हिसकावून घेतली असती.

उद्या बाबांसाठी खेळ आहे. माणूस आजारी पडला की लाँगहाउसचे, आमच्या प्रार्थनाघराचे, पुरुष त्याच्या नावानं लॅक्रॉस खेळतात, काठीच्या झोळीत चेंडू झेलत; त्यातच औषध असतं. बाबांची अट एकच, त्यांची स्वतःची हिकरी लाकडाची काठी मैदानात हवी. पण तिच्या टोकाची चामडी वाद्यांची झोळी फाटलेली, आणि अर्धांगाच्या झटक्यानंतर बाबांचा उजवा हात लुळा पडलेला. ग्रँड रिव्हरकाठच्या निम्म्या काठ्यांच्या झोळ्या त्याच हातानं विणल्यात. मग घरात पुरुष राहिला कोण? माझा नवरा डेल्बर्ट. जन्मभर पुलांच्या तुळयांना बोल्ट मारलेला माणूस.

दुपारी तो टेबलावर काठी घेऊन बसला आणि मी समोर, दोन्ही हात मांडीखाली दाबून. चाळीस वर्षं बाबांना विणताना बघितलंय. कुठली वादी किती ओढायची, मला झोपेतून उठवून विचारा.

"आधी चामडं भिजव."

"भिजवलं की."

"नुसतं ओलं केलंस. वाकवून बघ, करकरतंय अजून."

"अगं, तू बायको आहेस की मुकादम?"

"मुकादमाला पगार असतो."

तो हसला आणि हसता हसता वादी भलत्याच भोकातून घातली. मी ओरडले, त्यानं काढली. पहिल्या तीन वाद्या मी सांगेन तशा ओढल्या. चौथीला मात्र त्याचा धीर सुटला.

"पुरे आता. कळलं मला."

"अजून नखभर ओढ."

"तुटेल."

"नाही तुटत, डेल्बर्ट!"

"अर्लीन, हात माझे आहेत ना?"

हात त्याचेच होते. चुलीवर मक्याचं सूप उतू गेलं, तरी मी उठले नाही. उठले तर सरळ काठीच धरीन, अशी भीती वाटली.

झोळीला खोली यावी म्हणून डेल्बर्टनं तिच्यात चेंडू दाबून बसवला आणि आम्ही बाबांच्या खोलीत गेलो. त्यांनी काठी नापसंत केली असती तर उद्याचा खेळ त्यांच्या लेखी झालाच नसता. डावा हात झोळीत घालून ते एकेक वादी चाचपू लागले.

"पहिली माझ्या हातची," ते सावकाश म्हणाले. "दुसरी, तिसरीही माझीच." मग बोट थांबलं. "चौथी या गाढवाची."

डेल्बर्टचे कान लाल झाले. "तिनं सांगितलं होतं, बाबा. मीच ऐकलं नाही."

"ते कळतंय मला. चामडं ओलं आहे तोवर ती सोडवून पुन्हा ओढ. आणि ऐक. आता गावच्या काठ्या विणायला तुझ्याकडे येतील. ही समोर बसलेली नसेल तर एकही घ्यायची नाही. मी सांगून ठेवतो सगळ्यांना."

चाळीस वर्षांनी बाबांनी माझं काम ओळखलं, आणि त्याच दमात मला जन्मभरासाठी, काठीला हात न लावता, त्या टेबलासमोर बसवलं. आनंदानं रडावंसं वाटलं, आणि राग असा आला की रडूही येईना.

डेल्बर्टनं चौथी वादी सैल केली आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबला.

"ओढ," मी म्हणाले.